बालसंगोपनाचे अनुदान थांबताना

प्रश्न : माझे पती 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून माझ्या दोन्ही मुलांना बालसंगोपन योजनेचे अनुदान मिळते. सुरुवातीला प्रत्येकी 1,100 रुपये होते, आता दरमहा 2,250 आहे. मी एका वसतिगृहात स्वयंपाकाचे काम करते, त्याचे 8,000 मिळतात आणि घरी फॉल-पिकोचे साधारण 1,500 रुपये होतात. थोरल्या मुलीला पुढच्या महिन्यात 18 वर्षे पूर्ण होतील आणि तिचे अनुदान थांबेल. मुलगा नुकताच 13 वर्षांचा झाला. मुलीने बारावीनंतर सीईटी दिली असून तिला बी. फार्म.ला जायचे आहे. आमचा दाखला इतर मागासवर्गाचा आहे. नातेवाईक म्हणतात, “पैसेही बंद झाले, वयही झाले, आता उजवून टाका.” मला तिला शिकवायचे आहे. पण घर कसे चालवू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही अनुदान थांबण्याआधी पत्र लिहिलेत हे फार बरे केले, कारण या एका महिन्यात जी कामे होतील ती नंतर दुप्पट हेलपाट्यांनी करावी लागतात.

आधी बँकेचे पाहू. मुलीचे खाते अज्ञान म्हणून उघडलेले असेल आणि त्यावर पालक म्हणून तुमची सही चालत असेल, तर तिला 18 वर्षे पूर्ण होताच तुमचा तो अधिकार संपतो आणि तिची स्वतःची सही, आधार, पॅन व छायाचित्र देऊन खाते सज्ञान करून घेईपर्यंत बँक पैसे काढू देत नाही. वाढदिवस झाला की लगेच तिला सोबत घेऊन हे काम उरका. खाते मात्र बंद करू नका. या योजनेचे हप्ते अनेकदा काही महिने तुंबतात हे तुम्हाला सांगायला नको. वाढदिवसापूर्वीच्या महिन्यांचे जे हप्ते आले नसतील त्यांवर तिचा हक्क आहे. पासबुक भरून घ्या, कोणत्या महिन्याची नोंद नाही ते कागदावर उतरवा आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्या.

आता तुमच्या काळजीच्या मुळाशी येतो. वर्षाला 27,000 रुपये जाणार आहेत, ही लहान रक्कम नाही. तरीही माझ्या मते तुमची खरी कोंडी महिन्याच्या खर्चात होणार नाही, ती प्रवेशाच्या दिवसांत होईल, कारण पैसे थांबतात वाढदिवसाला आणि लागतात एकदम, कॉलेजच्या दारात. म्हणून प्रवेशाची बाजू आधी भक्कम करा.

2024-25 पासून राज्य शासनाने वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे, आणि ही सवलत खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांतही लागू आहे. अट एकच, पण कडक : प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. “जागा पक्की करून देतो” असे सांगून कोणी व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश देऊ लागला तर तिथे पाऊल टाकू नका, कारण त्या सहीसरशी माफी हातची जाते. माफीसाठी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे) आणि जात वैधता प्रमाणपत्र लागेल. यांत सर्वांत जास्त वेळ वैधतेला लागतो. प्रस्ताव अजून दाखल केला नसेल तर याच आठवड्यात करा आणि पावती जिवापाड जपा. पुढे माफीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर मुलीनेच भरायचा आहे.

राहण्या-जेवणाचा खर्च या माफीत येत नाही. इतर मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, जिच्यात पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला 60,000 रुपये खात्यात मिळतात. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे आणि तुमचे उत्पन्न तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. मात्र ही रक्कम पहिल्याच महिन्यात हाती पडेल असे धरू नका. प्रवेशापासून ती येईपर्यंतचे महिने निभावण्यापुरते पैसे आत्ताच वेगळे काढा. थकलेले हप्ते मिळाले तर ते यासाठीच ठेवा. तरीही कमी पडले तर तुमच्या बचत गटाकडून घ्या, किंवा बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. आठवड्याला हप्ता मागायला दारात येणाऱ्या कर्जाच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या 9,500 रुपयांत तो हप्ता बसत नाही.

मुलगी 18 वर्षांची झाली म्हणून तिला लाडकी बहीण मिळेल असे कोणी सांगितले, तर तिथे वयाची अट 21 आहे हे लक्षात असू द्या.

मुलाचे अनुदान चालू राहील. त्यातले दरमहा 500 रुपये पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाकता आले, तर बरोबर त्याच्या अठराव्या वर्षी 30,000 रुपये आणि वर व्याज हाती येईल. आज मुलीच्या वेळी जी धावपळ होते आहे ती त्याच्या वेळी होणार नाही. यंदा 500 निघत नसतील तर 100 रुपयांनीही खाते उघडते.

राहिले नातेवाईक. त्यांना शांतपणे एकच विचारा, लग्नाचा खर्च कोण करणार आहे? तो तुम्हालाच कर्ज काढून करावा लागेल, आणि घरात कमावणारी तुम्ही एकटीच राहाल. कॉलेजचे शुल्क मात्र शासन भरायला तयार आहे. चार वर्षांनी मुलगी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असेल, तेव्हा तिच्या लग्नाचे तिला स्वतःला बोलता येईल.