मास्किंग जमत नाही म्हणून ऑडिओलॉजी सोडू का?

प्रश्न : मी ऑडिओलॉजीच्या, म्हणजे श्रवण तपासण्याच्या शास्त्राच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. थिअरीत मार्क चांगले पडतात, पण क्लिनिकमध्ये मास्किंगची (एक कान तपासताना दुसऱ्यात नॉइज देऊन त्याला गुंतवून ठेवायची) वेळ आली की हातपाय गळतात. सूत्रं पाठ आहेत, तरी नॉइज किती द्यायचा, कुठे थांबायचं, काही सुचत नाही. पेशंट समोर ताटकळत बसतो आणि मी वही चाळत राहते. घरचे म्हणतात, हल्ली मशीनच सगळं करतं, तू कशाला जीव काढतेस, दुसरा कोर्स बघ. क्षेत्र बदलू का?

उत्तर : एवढ्यासाठी अजिबात नको. थिअरीत हुशार असलेली मुलं मास्किंगपाशी अडतात ती बहुधा सूत्रांच्या नादाने. पेशंटने हात वर केला, ठीक. पण ऐकलं कोणत्या कानाने? सूत्रं या एका प्रश्नासाठी आहेत. तो मनात नसला तर ती नुसती आकडेमोड उरते.

समज, एका पेशंटचा डावा कान उत्तम आहे, 1000 हर्ट्झला थ्रेशोल्ड (जेमतेम ऐकू येणारी पातळी) 5 डेसिबल. उजवा कान पूर्ण गेलेला. तू साध्या हेडफोनमधून उजवीकडे टोन देत गेलीस आणि 60 ला हात वर झाला. उजव्याने काहीच ऐकलेलं नाही. कवटीतून पलीकडे पोचलेला टोन डाव्याने ऐकला. आता बोन व्हायब्रेटर, म्हणजे हाडातून कंपनं देणारं साधन, उजव्या कानामागे लाव. सगळी कवटीच हलते, दोन्ही कॉक्लिआंना (आतल्या कानांना) जवळपास सारखंच पोचतं, म्हणून इथे इंटरऑरल अटेन्युएशन, म्हणजे पलीकडच्या कानापर्यंत जाताना आवाजात होणारी घट, शून्य धरतात. उत्तर येणार 5 च्या आसपास. एअर (हेडफोनने) 60, बोन (व्हायब्रेटरने) 5! कागदावर हा कंडक्टिव्ह दोष (बाहेरच्या किंवा मधल्या कानातला अडथळा) दिसतो, ऑपरेशनने सुधारेल असा. प्रत्यक्षात तो कान मृत आहे. 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवला असतास तर पेशंट म्हणाला असता, आवाज डावीकडे येतोय. खऱ्या कंडक्टिव्ह दोषात तो खराब कानाकडे गेला असता. आकडे जुळत नाहीत हे ज्याच्या लक्षात येतं, त्याच्यासाठी ही नोकरी आहे.

म्हणून नियम. साध्या हेडफोनचा टोन पलीकडच्या कानात जाताना किमान 40 डेसिबल आड येतात, म्हणजे तेवढा तो कमी होतो, असं धरायचं. तपासायच्या कानाचा एअर आणि दुसऱ्या कानाचा बोन यांत 40 किंवा जास्त फरक दिसला की मास्किंग. कानाच्या नळीत बसणाऱ्या इन्सर्ट इअरफोनला ही आड बरीच मोठी असते, त्यामुळे गरजच कमी वेळा पडते. बोनच्या बाबतीत एअर-बोन गॅप (त्याच कानाच्या एअर आणि बोनमधला फरक) 10 च्या वर गेला की पुरे.

आता तुझं खरं दुखणं : थांबायचं कुठे. वरच्याच पेशंटचा उजवा कान मृत नसून खरा थ्रेशोल्ड 75 आहे असं धर. डाव्यात त्याच्या थ्रेशोल्डपेक्षा 10 जास्त, म्हणजे 15 नॉइज दे. आता टोन 70 ला ऐकू येईल (या पेशंटला आड 55 ची, 60 उणे 5; त्यात नॉइजचे 15). अजून डावाच ऐकतोय. नॉइज 25 कर, टोन 75 ला. नॉइज 35, टोन 75 लाच. नॉइज 45, तरी 75. टोन जागचा हलेना, हाच प्लेटो, हूड या तज्ज्ञाची पद्धत ती हीच. मृत कान असता तर नॉइज दहा वाढला की टोनही दहा वाढत गेला असता, मशीनची मर्यादा येईपर्यंत. वहीतली अर्धी पानं या दोन ओळींत आहेत.

एक गोष्ट मात्र मुद्दाम करून बघ. मैत्रिणीला बसव, 250 हर्ट्झचा बोन थ्रेशोल्ड घे. मग दुसऱ्या कानावर हेडफोन ठेवून पुन्हा घे. कान झाकताच तोच टोन तिला मोठा वाटेल. हा ऑक्लूजन इफेक्ट 1000 हर्ट्झपर्यंतच त्रास देतो, त्यामुळे खालच्या फ्रीक्वेन्सींना सुरुवातीचा नॉइज वाढवावा लागतो. एकदा स्वतः पाहिलंस की तो पाठ करावा लागणार नाही.

सूचना देतानाही बरंच बिघडतं, आणि पुस्तकं हे एका ओळीत उरकतात. पेशंटला सरळ सांग : "या कानात सूंऽऽ असा आवाज येत राहील, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. टूं टूं ऐकू आलं, कितीही बारीक, की हात वर करा." हे न सांगितल्यास माणूस नॉइजलाच हात वर करतो आणि तुला वाटतं सूत्र चुकलं.

घरच्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. स्वयंचलित ऑडिओमीटर मास्किंग करतात, सरळ केसमध्ये चांगलं करतात. पण दोन्ही कानांत मोठा कंडक्टिव्ह दोष असलेला पेशंट आला की सुरुवातीचाच नॉइज इतका मोठा लागतो की तो ओलांडून तपासायच्या कानात घुसतो. याला मास्किंग डायलेमा म्हणतात. इन्सर्ट इअरफोनने काही वेळा सुटतो, काही वेळा नाही. तेव्हा रिपोर्टवर "मास्किंग शक्य झालं नाही" असं स्वच्छ लिहायला माणूस लागतो. दमलेले आजोबा आणि कंटाळलेलं पोर यांच्यासाठीही लागतोच.

क्षेत्र बदलायचा विचार कर, पण वेगळ्या कारणाने : तीच सूचना दिवसभर दहाजणांना न चिडता देणं तुला नकोसं होतं का? असेल, तर मात्र घरच्यांशी बोल. नसेल, तर पुढे नवजात बाळांची तपासणी, श्रवणयंत्रं, कॉक्लिअर इम्प्लांट, तोल जाण्याच्या तक्रारी असं बरंच काही आहे. मास्किंग एबीआरमध्येही (आवाजाला मज्जातंतूंकडून येणारा विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीत) भेटेल, तेव्हा पळवाट म्हणून शाखा निवडू नकोस.

पुढच्या क्लिनिकला वही खुशाल टेबलावर ठेव. कोऱ्या कागदावर दोन रकाने आख : टोन या कानात किती, त्यातला पलीकडे किती पोचला. प्रत्येक पायरीला दोन्ही भर. आणि मॅडमना आधीच सांग की निर्णय घेताना मी कारण बोलून दाखवेन, चुकले तर तिथल्या तिथे अडवा.