जीवरक्षक जॅकेट वेळेवर फुगेल, याची खात्री घरी कशी करावी?

प्रश्न : आम्हा तिघा भावंडांची एक जुनी शिडाची नौका रायगडच्या किनाऱ्यावर असते. पावसाळ्यात ती वापरत नसल्यामुळे मे महिन्यात आपोआप फुगणारी चार लाइफ जॅकेट, माणसाला नौकेशी बांधून ठेवणारे सुरक्षादोर, संकटात पेटवून इशारा देण्याचे फ्लेअर आणि उपग्रहाला संकटसंदेश पाठवणारे ईपर्ब यंत्र असे सर्व सामान गाडीने घरी आणून माळ्यावर ठेवतो. पाच वर्षांत जॅकेट एकदाही फुगलेली नाहीत. एखादे शेततळ्यात उतरून तपासावे का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : शेततळ्याचा विचार कृपया सोडून द्यावा. त्याचे प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की उतारावर पाय ठरत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथून वर चढणे अशक्य होऊन बसते.

जॅकेटची बरीचशी परीक्षा घरातच होते. आतील कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर सोडवून स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवावे. भरलेल्या सिलिंडरचे किमान वजन त्यावरच कोरलेले असते. काटा त्याहून कमी दाखवत असेल, किंवा गंज दिसत असेल, तर ते बाद समजावे. नंतर तोंडाने हवा भरण्याच्या नळीतून जॅकेट टणक होईपर्यंत फुगवून चोवीस तास तसेच ठेवावे. येथे आपल्याकडील उन्हाळा लक्षात घ्यावा लागतो, कारण दुपारी ४४–४५ अंशांत फुगवलेले जॅकेट पहाटेच्या गारव्यात हवा आक्रसल्यामुळे थोडे सैल लागते आणि निर्दोष वस्तू सदोष ठरते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत दाबून पाहावे.

आपोआप फुगण्याची यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत पाण्यात विरघळणारी गोळी असते. ती विरघळताच स्प्रिंग सुटते आणि सुई सिलिंडरला भोक पाडते. दुसरीत पाण्याच्या दाबाने उघडणारी झडप असते. गोळी पावसाळी दमट हवेतही हळूहळू मऊ पडते, त्यामुळे पाच वर्षे जुन्या गोळीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. दोन्ही प्रकारांत भागावर छापलेली तारीख उलटली असेल, तर तो भाग बदलावा. माळ्यावरील उष्णतेपेक्षा खालच्या मजल्यावरील कोरडे, हवेशीर कपाट या सामानाला केव्हाही चांगले.

मुदत संपलेले, पण वजनात पूर्ण भरणारे सिलिंडर फेकून देऊ नये. ते चाचणीसाठी वापरावे. जलतरण तलावावर, जीवरक्षक हजर असताना, ते बसवलेले जॅकेट घालून आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा आवळून पाण्यात उडी मारावी. काही सेकंदांत जॅकेट फुगून तोंड पाण्यावर राहिले पाहिजे. हा पट्टा अनेक जण वापरत नाहीत, आणि मग फुगलेले जॅकेट हनुवटीच्या वर सरकते व माणूस त्यातून खाली घसरतो. ही गोष्ट एकदा स्वतः अनुभवलेला मनुष्य पट्टा पुन्हा कधी विसरत नाही. चाचणीनंतर त्याच मॉडेलचा नवा संच बसवावा. १५० न्यूटन तरंगशक्तीच्या जॅकेटला सामान्यतः ३३ ग्रॅम वायूचे सिलिंडर लागते. त्याहून लहान बसवल्यास जॅकेट अर्धवट फुगेल.

सुरक्षादोराची शिवण आणि उन्हाने फिकट झालेला पट्टा पाहावाच, पण हूक नौकेवर कोठे अडकू शकतो हेही पाहावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शिडाच्या नौकांच्या क्लिपर जगप्रदक्षिणा शर्यतीत एक नाविक समुद्रात पडला, तेव्हा त्याच्या दोराचा हूक डेकवरील खुंटीखाली अडकून आडवा ओढला गेला, वाकला आणि सुटला. त्या नाविकाचा मृत्यू झाला. सरळ ओढीला भक्कम असलेला हूक आडव्या ओढीत फार कमी भाराला उघडतो, असे चौकशीत दिसून आले. आपला दोर बांधून डेकवर पुढून मागे सावकाश चालून पाहिल्यास अशा जागा सापडतील.

फ्लेअर पेटवून तपासता येत नाहीत. तो संकटाचा इशारा समजला जातो. त्यांची तारीख आणि वेष्टनाचा कोरडेपणा एवढेच पाहावे. ती स्फोटक वस्तू असल्यामुळे तापलेल्या डिकीतून किंवा रेल्वेने भुसावळला मुळीच आणू नयेत.

ईपर्बची तपासणी केवळ त्यावरील स्वयंचाचणीच्या बटणाने, पुस्तिकेत सांगितली असेल तितक्याच वेळा करावी आणि बॅटरीची तारीख व नोंदणी पाहून घ्यावी. खरे बटण चुकून दाबले गेल्यास भुसावळच्या घरातूनही संकटसंदेश उपग्रहाकडे जातो. अशा वेळी यंत्र बंद करून तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.