टेस्ट आठवड्यावर आलीये, पण चढावर गाडी मागे सरकते. काय करू?

सगळा खेळ हाफ क्लचचा आहे. हँडब्रेक ओढलेला ठेवा, पहिला गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि क्लच अगदी सावकाश सोडत या. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच रोखा, मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे जाणार नाही. आठवडाभर रोज वीसेक वेळा हेच करा, खरंच करा.

बाकी, आरशात बघताना मान थोडी हलू द्या. तुम्ही बघताय हे परीक्षकाला दिसायला हवं. निघण्याआधी खांद्यावरून मागेही नजर टाका. गाडी बंद पडलीच तर घाबरू नका: ब्रेक, न्यूट्रल, पुन्हा स्टार्ट. घाईघाईत क्लच सोडला की ती दुसऱ्यांदाही बंद पडते.