आडव्या वाऱ्यात सोलोला निघण्याआधी
सोलोला, म्हणजे एकटीने विमान उडवायला, निघतेयस म्हणून सांगतो. सेसना १७२ विमानाच्या पुस्तिकेतला आडव्या, म्हणजे धावपट्टीला काटकोनात येणाऱ्या, वाऱ्याचा १५ नॉटचा (ताशी सुमारे २८ किमी) आकडा कसलेल्या वैमानिकाने करून दाखवलेला आहे. तू सध्या त्याच्या निम्माच धर. धावपट्टीशी ३० अंशांतून २० नॉट वारा म्हणजे आडवा १०, अचानक येणारे झोत वेगळे.

माझं विमान चाकं टेकल्यावर आडवं गेलं. उतरलो म्हणून हात सैल सोडले, वाऱ्याकडचा पंख उचलला आणि दुसऱ्याचं टोक डांबरावर खरडत गेलं. तो आवाज अजून कानात आहे. वेग उतरेल तसं एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) वाऱ्याकडे वाढवत ने, रडरने (शेपटीवरच्या सुकाणूने) नाक सरळ ठेव, विमान उभं राहीपर्यंत. जमिनीलगत बाजूला सरकतंय असं वाटलं, की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, पूर्ण दे, न उतरता वर जा, फेरी मारून ये. असा गो-अराउंड केलास म्हणून मी कधीच रागावणार नाही.