तोच व्हिडिओ पाच ठिकाणी टाकूनही प्रेक्षक का वाढत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ आठ महिने यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक, एक्स आणि लिंक्डइनवर एकदमच टाकताय, तरी कुठेच आकडा चार-पाचशेच्या वर जात नाही. मग आता सहावा प्लॅटफॉर्म सुरू करावा का?

नको. उलट तीन थांबवा. खाती उडवू नका, नाव दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून राहू द्या. नवे व्हिडिओ कुठे मिळतील एवढी एक पोस्ट पिन करून ठेवा.

तुमच्या विषयात माणूस आधी अडतो, मग शोधतो. 'चेन का घसरते' हे तो सर्चमध्ये लिहितो आणि अशा प्रश्नाला दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओही चालतो. म्हणून मुख्य ठिकाण यूट्यूब. जोडीला इन्स्टाग्राम, कारण तिथे तुमचं नावही न ऐकलेल्या माणसासमोर तुम्ही जाता. लिंक्डइनवर सायकलची चेन कशाला, हे मला खरंच कळलं नाही.

एकच फाइल सगळीकडे टाकली की ती जवळपास सगळीकडेच उपरी ठरते. यूट्यूबवर माणूस शीर्षक आणि थंबनेल बघून स्वतः आत येतो, म्हणून मिनिटभर थांबायची त्याची तयारी असते. रील न मागता समोर येते; पहिल्या दोन सेकंदांत अंगठा थांबला नाही तर पुढचं कुणी बघत नाही. त्यात आडवा व्हिडिओ असला की वरखाली काळ्या पट्ट्या. दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क असलेल्या रील्स शिफारशीत मागे पडतात, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलंय. त्यामुळे एका अ‍ॅपवरून डाउनलोड करून दुसरीकडे चढवू नका. एडिटरमधून स्वच्छ फाइल काढा, १०८० × १९२० मापाची.

तुमचा चेनचा नऊ मिनिटांचा व्हिडिओच घ्या. त्यातून रील काढायची तर पहिल्या फ्रेममध्ये चेनवर टेकवलेली स्टीलची पट्टी, अगदी जवळून. 'नमस्कार मित्रांनो' नाही, लोगो नाही. पहिलं वाक्य: 'बारा इंचांच्या खुणेवर पिन येते का बघा.' नव्या चेनची एक जोड-कडी, म्हणजे एक रुंद आणि एक अरुंद मिळून, एक इंचाची. अशा १२ मिळून बरोबर १२ इंच. पिन खुणेच्या १/१६ इंच पुढे गेली की चेन बदलायची; १/८ गेली असेल तर मागच्या चक्रांचे दातेही बहुधा गेलेत. बस, ३० सेकंदांत संपवा. चेन तोडायची कशी, नवी किती लांब घ्यायची, हे मोठ्या व्हिडिओत. अक्षरं फ्रेमच्या मधल्या भागात ठेवा, कारण खाली कॅप्शन येतं आणि उजवीकडे बटणं. याच मोजणीचे पाच फोटो करून कॅरोसेलही टाका, म्हणजे बोटाने सरकवत बघायची फोटोंची एकच पोस्ट. अशी पोस्ट लोक सेव्ह करून ठेवतात.

आता रीलवरून माणूस मोठ्या व्हिडिओवर नेण्याचं. बरेच जण इथेच गळतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत द्यायची. यूट्यूब शॉर्ट्सच्या (यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंच्या) वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकाही ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाहीत. तिथे यूट्यूब स्टुडिओत 'संबंधित व्हिडिओ' निवडायची सोय आहे. तो रकाना रिकामा ठेवू नका.

आकडे बघताना एकूण व्ह्यूजवर जाऊ नका. शॉर्ट्समध्ये तर मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात, त्यामुळे तिथे 'एंगेज्ड व्ह्यूज', म्हणजे थांबून पाहिलेले, तेवढे बघा. मोठ्या व्हिडिओसाठी दोनच गोष्टी: क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल जितक्यांदा दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं ते, आणि रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कोणत्या क्षणापर्यंत किती जण टिकले ते. यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा क्लिक-थ्रू रेट २ ते १० टक्क्यांत असतो. रेट कमी पण आत आलेले टिकतात, तर शीर्षक आणि थंबनेल बदला. व्हिडिओला हात लावू नका. रेट बरा पण पहिल्या तीस सेकंदांत आलेख कोसळतो, तर शीर्षकात कबूल केलेलं द्यायला तुम्ही उशीर करताय. आणि एक लक्षात ठेवा: यूट्यूब तुमचा व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवायला लागलं की हा रेट उतरतोच, तेव्हा घाबरून थंबनेल बदलत बसू नका.

वेग म्हणाल तर दहा दिवसांनी एक मोठा व्हिडिओ आणि त्यातून दोन रील्स. निदान दहा-बारा व्हिडिओ झाल्याशिवाय पद्धत बदलू नका.

यूट्यूब आणि इन्स्टाग्रामनंतर तिसरं काम ईमेल यादीचं, कारण प्लॅटफॉर्म बंद पडला तरी ती तुमच्याकडे राहते. छोट्या व्हिडिओंचं व्हाइन २०१७ मध्ये गेलं, गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. तिथले फॉलोअर कुणाला उचलून नेता आले नाहीत. 'महिन्याची सायकल तपासणी' असा एका पानाचा तक्ता देऊन पत्ते गोळा करा. पत्रं स्वतःच्या डोमेनवरून पाठवा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी या तिन्ही नोंदी (पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून आलंय हे तपासायला लागणाऱ्या) आधी लावून घ्या. फुकटच्या जीमेल पत्त्याच्या नावाने मेलिंग सेवेतून पाठवलेली पत्रं स्पॅममध्ये जाण्याची शक्यता मोठी असते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहाव्यात अशी गूगलची अट आहे, तेव्हा यादी विकत घेण्याचा विचारही नको.

यूट्यूबच्या वर्णनात आणि इन्स्टाग्रामच्या बायोत तक्त्याची लिंक वेगवेगळ्या यूटीएम टॅगने द्या, म्हणजे लिंकच्या शेवटी माणूस कुठून आला हे सांगणारी खूण जोडून. तीन महिन्यांनी रील्स भरपूर पाहिल्या जातायत पण बायोतून यादीत कुणीच येत नाही असं दिसलं, तर आधी बायोची ओळ बदला. 'सायकलप्रेमी, क्रिएटर' काढा आणि तिथे तक्त्यात काय मिळेल ते लिहा.