अहवाल येईपर्यंत शाळेशी बोलायचेच नाही का?

‘मुलाला काहीतरी अडचण आहे असे वाटते, पण तपासणी पूर्ण होण्याआधी शाळेत बोललो, तर त्याच्यावर कायमचा शिक्का बसेल का?’ ही धास्ती घेऊन तिसरीतल्या एका मुलाचे आईवडील माझ्याकडे आले होते. तोंडी विचारले की मुलगा धडा घडाघडा सांगे. वहीत मात्र वेलांट्या गळालेल्या, जोडाक्षरे फुटलेली आणि खोडरबराने घासून कागदाला भोक पडलेले. त्याखाली शेरा होता : ‘लक्ष देत नाही.’ शिक्क्याचेच म्हणाल, तर तो एव्हाना बसलेलाच होता.

फळा नीट न दिसणारे किंवा सूचना अर्धवट ऐकू येणारे मूलही असेच मागे पडते, म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घेतले. दोन्ही ठीक निघाले. अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीच्या, तपासणीसाठी नाव नोंदवले. तिला अवकाश होता.

दरम्यान आईने शाळेसाठी पत्र लिहून आणले : ‘मुलाकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती.’ अशा पत्राला कोणीही होकार देते, पण नेमके करायचे काय, हे त्यातून शिक्षिकेला कळत नाही. आम्ही ते नव्याने लिहिले. फळ्यावरून उतरवताना त्याच्या मधल्या ओळी सुटतात, तेव्हा छापील उतारा मिळावा. काही उत्तरे तोंडी घ्यावीत. चाचणीला थोडा जादा वेळ द्यावा. सर्वांसमोर अचानक वाचायला उभे करू नये. आणि सहा आठवड्यांनी एकत्र बसून आढावा घ्यावा. खाली तारीख घातली आणि एक प्रत घरी ठेवली.

मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र मागितले, शिवाय इतर मुलांवर अन्याय होईल, असेही म्हटले. परीक्षेतील अधिकृत सवलतींसाठी प्रमाणपत्र लागू शकते, हे आम्ही मान्य केले. छापील कागद देण्यासाठी मात्र त्याची गरज नव्हती. अन्यायाच्या मुद्द्यावर मी त्यांना अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ मधील कराराचे कलम २४ दाखवले. शिक्षणात प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात, असे ते सांगते. खरे तर कलमापेक्षा ती भोक पडलेली वहीच त्यांनी अधिक वेळ पाहिली.

आढाव्याच्या बैठकीत शिक्षिकेनेच सांगितले की छापील उताऱ्याचा उपयोग होतो, पण जादा वेळात तो नुसता बसून राहतो. म्हणून त्याऐवजी प्रश्न वाचून दाखवायचे ठरले. पुढे तपासणीच्या वेळी शिक्षिकेची ही निरीक्षणे मानसशास्त्रज्ञांनी आवर्जून मागून घेतली.