कृषी सल्ला : फवारणी करूनही पऱ्हाटीवर (कपाशीवर) मावा पुन्हा का येतो?

प्रश्न : पऱ्हाटी दोन महिन्यांची आहे. मावा-तुडतुड्यासाठी प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्र औषध दोनदा मारलं. चार-पाच दिवस रान स्वच्छ दिसतं, पंधरवड्यात पानांवर पुन्हा चिकटा (माव्याचा चिकट स्राव) येतो, पहिल्यापेक्षा जास्तच. औषध बोगस आहे का?

उत्तर : औषध बोगस असेलच असं नाही. त्या फवारणीत माव्याबरोबर माव्याला खाणारेही मेले, आणि दोघांची परत येण्याची चाल सारखी नसते. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं देते. ते पिल्लू आठवडाभरात स्वतः प्रसवू लागतं. मावा खाणाऱ्या ढालकिड्याला (लेडीबर्ड) मात्र अंड्यापासून भुंगेरा व्हायला दोन ते तीन आठवडे जातात, शिवाय खायला मावा असल्याशिवाय तो शेतात थांबत नाही. म्हणून पानाखाली औषधातून वाचलेला थोडा मावाही मोकळं रान मिळाल्यासारखा वाढतो. त्यात सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं हंगामाच्या सुरुवातीला वारंवार मारली, की पांढरी माशीही उसळते. तिसरी फवारणी तीच करू नका.

आधी मोजा. सकाळी एकरात वेगवेगळ्या ठिकाणची 20 झाडं घ्या. प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान उलटून बघा. पानामागे सरासरी 10 मावा किंवा 2 ते 3 तुडतुडे ही फवारणीची पातळी. त्याच पानांवर मित्रकीटकही (किडींना खाणारे कीटक) मोजा, कारण निम्मा निर्णय त्यांच्यावर आहे. साधारण दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर औषध न मारता चार दिवसांनी पुन्हा मोजा. ढालकिडा एकटाच पुष्कळ मावा फस्त करतो.

इथे चूक होते ती ओळखीत. ढालकिड्याचा लाल-नारिंगी भुंगेरा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याची अळी सुसरीच्या पिल्लासारखी दिसते : काळपट राखाडी, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके. नवीच अळी आली म्हणून तिच्यावरच फवारणी होते. पानाखाली उभी चिकटवलेली पिवळी अंडी ढालकिड्याची. बारीक धाग्याच्या टोकावर टांगलेलं अंडं क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका मित्रकीटकाचं. माव्यातले काही किडे दाण्यांसारखे फुगून बदामी, कागदासारखे कोरडे झालेले आणि पाठीला गोल भोक पडलेलं दिसलं, तर परजीवी गांधीलमाशीने आत वाढून बाहेर पडताना ते पाडलंय. असे दाणे बरेच दिसत असतील तर पंप बाहेर काढूच नका.

पातळी ओलांडली असेल आणि मित्रकीटक तुरळक असतील, तर पहिल्यांदा 5 टक्के निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांचा 5 किलो भरडा 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळून घ्या, 1 लिटर पाण्यात वेगळा विरघळवलेला 200 ग्रॅम साबणचुरा त्यात मिसळा आणि एकूण द्रावण 100 लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी, पानाची खालची बाजू भिजेल असं फवारा. शिळा अर्क काम करत नाही. तरीही तुडतुडे हटले नाहीत, तर फ्लोनिकामिड 50 टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळणारं दाणेदार औषध) 3 ग्रॅम प्रति 10 लिटर. ही साध्या पंपाची मात्रा आहे. मित्रकीटकांना ते मिश्र औषधांपेक्षा बरंच सौम्य पडतं.

दोन-तीन औषधं एका पंपात घालू नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली आहेत. हातमोजे, मास्क घालाच आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका.

आता युरियाचं. 45 किलोच्या गोणीतून जवळपास 21 किलो नत्र जातं. पीक पिवळं दिसलं म्हणून जादा गोणी टाकली, की पानं लुसलुशीत होतात आणि रसशोषक किडींना मेजवानी मिळते. आधी बघा, पिवळेपणा पाणी साचल्याचा आहे का? तसं असेल तर चर काढा. पानांच्या कडा पिवळ्या-लाल होऊन खाली वळल्या असतील तर तो तुडतुड्याचा मार आहे, त्याला युरिया हा उपाय नाही.

प्रश्न : बांधावरचं सगळं गवत तणनाशकाने साफ करावं का?

उत्तर : सरसकट नको. गाजरगवत आणि पेठारी मात्र फुलायच्या आत उपटा, पिठ्या ढेकूण ही रसशोषक कीड त्यांच्यावर तग धरून पऱ्हाटीत उतरते. पुढच्या पेरणीला कडेने चवळीची एक ओळ घ्या. चवळीवर येणारा काळा मावा वेगळ्या जातीचा, पऱ्हाटीचं तो सहसा नुकसान करत नाही. पण ढालकिडे त्याच्यावर लवकर पोसले जातात आणि पऱ्हाटीवर मावा येईपर्यंत शेतात हजर असतात. म्हणून त्या चवळीवर मावा दिसला तरी फवारू नका.